मैदानाचं सामान: ॲल्युमिनियमची बेसबॉल बॅट

आंतरशालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की या सदराकडे सामानाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी बेसबॉलच्या धातूच्या बॅटबद्दल विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. उंची ५ फूट ६ इंच, वजन ५५ किलो. क्रिकेट सोडून यंदा शाळेच्या बेसबॉल संघात आलाय. धोबीतलावचा एक दुकानदार म्हणाला, ‘३४ इंची घ्या, पुढची दोन-तीन वर्षं बघायला नको.’ घ्यावी का?
— एक पालक, दादर

उत्तर: नको. वाढत्या अंगाचा शर्ट घेतात तशी बॅट घेता येत नाही. बॅट आजच्या अंगालाच बसायला हवी.

बॅटवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३२/२९. पहिला म्हणजे इंचांतली लांबी, दुसरा औंसांतलं वजन. दोघांतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. इथे तो उणे ३. अमेरिकेतल्या हायस्कूल आणि कॉलेजच्या नियमांप्रमाणे बॅट ३६ इंचांपेक्षा लांब नसावी, बॅरलचा, म्हणजे चेंडू मारायच्या जाड भागाचा, व्यास २.६२५ इंचांपेक्षा, म्हणजे ६६.७ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, आणि ड्रॉप उणे ३ च्या पलीकडे जाऊ नये. ३३ इंची बॅट ३० औंसांपेक्षा हलकी असेल तर तिथे चालत नाही. आपल्या मापात सांगायचं तर ३१/२८ साधारण ७९४ ग्रॅमची, ३२/२९ ची ८२२, ३३/३० ची ८५० आणि ३४/३१ ची ८७९. प्रत्यक्षात काट्यावर त्याहून थोडं जास्तच भरतं.

क्रिकेटची बॅट अकराशे-बाराशे ग्रॅमची असते, त्यामुळे तिकडून आलेल्या मुलाला हे वजन हातात काहीच वाटत नाही. फसगत इथेच होते. ही बॅट खांद्याजवळून आडवी फिरवायची असते, वजनाचा मोठा भाग हातांपासून लांब बॅरलमध्ये असतो आणि पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) चेंडू यायला अर्धा सेकंद, जेमतेम. एक इंच जास्त लांबीचा त्रास दुकानात हातात धरून कळत नाही, तो चेंडूसमोर कळतो.

तुमच्या मुलाच्या अंगापिंडाला ३२ इंची बरोबर. अगदीच किरकोळ बांध्याचा असेल तर ३१. नुसत्या तक्त्यावर मात्र जाऊ नका. मित्राची किंवा शाळेची बॅट घेऊन दोन गोष्टी बघा. एक, तो नेहमीसारखा प्लेटजवळ (फलंदाजासमोर जमिनीत बसवलेल्या पाटीजवळ) उभा राहिला आणि कमरेत थोडा वाकला, की बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकतं का? प्लेट १७ इंच रुंद असते. टोक टेकत असेल तर लांबी पुरेशी. दोन, टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या स्टँडवर) चेंडू ठेवून दहा-बारा जोरकस फटके मारायला लावा आणि बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करा. शेवटच्या तीन-चार फटक्यांत चेंडूपर्यंत पोचण्याआधीच बॅरल हातांच्या खाली लोंबकळत असेल, तर बॅट जड आहे. मग एक इंच कमी करा. बॅट आधीच घेऊन ठेवली असेल तर नॉबपासून (हँडलच्या टोकाच्या गोळ्यापासून) अर्धा-पाऊण इंच वर पकडायला सांगा. तेवढ्यानेही फिरवायला बरीच हलकी होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. मावसभाऊ न्यू जर्सीहून डिसेंबरमध्ये येतोय, बॅट आणतो म्हणाला. त्याला नेमकं काय सांगू? तिकडच्या साइटवर शेकडो बॅटी आहेत आणि नावं वाचून काहीच कळत नाही.
— एक खेळाडू, घाटकोपर

उत्तर: त्याला पहिलं वाक्य हे पाठव: ‘बॅटवर बीबीकॉर .५० चा शिक्का हवा.’ शेकड्यातल्या अर्ध्याअधिक बॅटी तिथेच गळतील.

पोकळ धातूच्या बॅटवर चेंडू आदळला की बॅरलची भिंत क्षणभर आत दबते आणि परत उसळते. भरीव लाकडाची भिंत अशी दबत नाही. दबतो तो चेंडू, आणि दबताना बरीचशी ऊर्जा गमावतो. म्हणून धातूवरून चेंडू जास्त वेगाने सुटतो. ही उसळी किती असावी याची मर्यादा म्हणजे बीबीकॉर. ०.५० ही मर्यादा चांगल्या लाकडी बॅटच्या आसपास बेतलेली आहे. अमेरिकेत कॉलेजांना ती २०११ पासून आणि हायस्कूलना २०१२ पासून लागू झाली. त्याआधीच्या बॅटींवर बीईएसआर असा शिक्का असे. कोणी ‘घरात पडून आहे, अगदी चांगली आहे’ म्हणून तसली बॅट देऊ केली तर आभार मानून नको म्हणायचं.

यूएसए बेसबॉल किंवा यूएसएसएसए १.१५ असे शिक्केही दिसतील. त्या लहान मुलांच्या बॅटी: ड्रॉप उणे ५, उणे ८, उणे १०, काहींचं बॅरल पावणेतीन इंची. हातात मस्त हलक्या लागतात आणि मोह होतो. पण भिंत पातळ असते. तुमच्या वयाच्या पिचरसमोर पोचे पडतात.

दुसरं ठरवायचं ते घडण. एकसंध ॲल्युमिनियमची बॅट म्हणजे हँडल आणि बॅरल एकाच नळीतून ओढलेलं. ती कडक असते, पहिल्या दिवसापासून तयार असते, दणकट असते आणि त्या मानाने स्वस्त पडते. चेंडू चुकीच्या जागी लागला की हाताला झिणझिण्या येतात, हा तिचा एकच मोठा अवगुण. दोन तुकड्यांच्या हायब्रिडमध्ये बॅरल ॲल्युमिनियमचं आणि हँडल कंपोझिटचं (कार्बन फायबरसारख्या तंतूंचं) असतं. मधला सांधा झिणझिण्या बऱ्याच खातो, पण किंमत चढते. पूर्ण कंपोझिट तुला सुचवणार नाही. ती मोकळी व्हायला दीडशे-दोनशे फटके लागतात, थंडीत तडकते आणि तडकली की संपली. मुंबईत थंडीची चिंता नाही, पण जानेवारीत उत्तरेकडे स्पर्धेला गेलास तर सकाळचा पारा १५ अंशांच्या खाली असतोच.

पहिली चांगली बॅट म्हणून एकसंध, समतोल वजनाची ॲल्युमिनियम बॅट माग. मरुचीची कॅट, लुईव्हिल स्लगरची ओमाहा, रॉलिंग्जची ५१५०, डिमरिनीची वूडू वन, या मालिका याच जातीच्या. मागच्या वर्षीचं मॉडेल मिळालं तर तेच घे. शिक्का तोच, मर्यादा तीच, बदललेला असतो तो मुख्यतः रंग, आणि किंमत चांगली उतरलेली असते. यंदाचं मॉडेल नव्या किमतीला घ्यायचं कारण आम्हाला तरी दिसत नाही.

भावाला दोन गोष्टी बजावून सांग. बॅट विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकायची. ३२ इंची बॅट मोठ्या सुटकेसमध्ये तिरपी बसते. आणि खरेदीची पावती फेकायची नाही, वॉरंटीच्या दाव्याला तीच लागते.

प्रश्न: शाळेसाठी दोन वर्षांपूर्वी चार ॲल्युमिनियम बॅटी घेतल्या. एकाच हंगामात दोघींना पोचे पडले, तिसरी हलवली की आत खुळखुळते. माल खराब होता, की मुलं चुकीचं वापरतात?
— क्रीडाशिक्षिका, बोरिवली

उत्तर: दोन्ही शक्य आहे, पण आधी बॅटीचं बॅरल मोजा. सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर भरलं तर त्या सॉफ्टबॉलच्या बॅटी आहेत. आपल्याकडे दुकानांत दोन्ही एकाच कोपऱ्यात उभ्या असतात आणि बिलावर नुसतं ‘बेसबॉल/सॉफ्टबॉल बॅट’ लिहिलेलं असतं. सॉफ्टबॉलचा १२ इंची चेंडू १७८ ते १९८ ग्रॅमचा, म्हणजे वजनाने जास्त. पण तो मोठा असल्याने त्याचा मार रुंद भागावर पसरतो. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचाच, पण लहान आणि टणक. पातळ भिंतीवर त्याचा मार एका जागी बसतो आणि पोचा पडतो. सॉफ्टबॉलची बॅट बेसबॉलला वापरू नये ती यासाठी.

बॅरल बेसबॉलचंच निघालं तर सरावाकडे बघा. सर्वांत मोठा गुन्हेगार क्रिकेटचा सीझन बॉल. चेंडू कमी पडले की किटमधला जुना सीझन बॉल टीवर चढतो. तो १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि बेसबॉलपेक्षा कठीण असतो. बोलिंग मशीनचे खळगेवाले प्लास्टिकचे चेंडूही तसेच. दुसरा गुन्हेगार टायर. खांबाला बांधलेल्या गाडीच्या टायरवर फटके मारण्याचा सराव मुंबईत बऱ्याच मैदानांवर चालतो. मनगटं मजबूत होत असतील, पण बॅट दर वेळी एकाच जागी अडून वाकते, एंड कॅपचा (बॅरलच्या टोकाच्या टोपणाचा) डिंक सुटतो आणि मग खुळखुळ ऐकू येते. टायरसाठी जुनी, बाद झालेली बॅट वेगळी ठेवा आणि तिच्या नॉबला लाल टेप गुंडाळा, म्हणजे ती चुकून सामन्यात जाणार नाही. बुटाच्या खिळ्यांतली माती बॅट आपटून काढणं हेही बंद करा.

आता त्या बॅटींचं काय करायचं. शाळेच्या फिजिक्स लॅबमधला व्हर्नियर कॅलिपर मागून आणा. टोकापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर बॅरलचा व्यास घ्या, बॅट थोडी फिरवून पुन्हा घ्या, असे चार वेळा. स्वीट स्पॉट साधारण याच पट्ट्यात असतो, त्यामुळे मारही इथेच बसलेला असतो. चारही मापं जवळपास सारखी असतील आणि कुठेही ६६.७ मिलिमीटर ओलांडत नसतील, तर उथळ पोचा असूनही बॅट सरावाला चालेल. मापांत मिलिमीटरभर फरक आला तर बॅरल चपटं झालंय. पंच ती बाद करतील, आणि केलीच पाहिजे. सामन्यात पंच बॅटवरून कडी सरकवतात ती हेच तपासायला. केसाएवढी चीर दिसली तर मोजमापाच्या फंदात पडू नका. चीर एंड कॅपजवळ किंवा हँडल जिथे रुंदावायला लागतं तिथे आधी येते. अंगठ्याचं नख हळूच फिरवलं की अडकतं. आवाजही बदलतो: खणखणीत ‘टिंग’ऐवजी फुटक्या भांड्यासारखा बद्द. अशी बॅट त्याच दिवशी भंगारात द्या, टायरसाठीही नको.

खुळखुळणारी बॅट चिकटवायची तर एंड कॅप उघडून आत काही भरू नका. बॅरलच्या आत काहीही घातलं की ती फेरफार केलेली बॅट ठरते आणि स्पर्धेत बसत नाही. पुढच्या खेपेला सहा स्वस्त बॅटींऐवजी शिक्क्याच्या तीन घ्या (३१, ३२ आणि ३३ इंची), आणि प्रत्येक फटक्याला बॅट हातात पाव वळसा फिरवायची सवय लावा, म्हणजे मार चारही बाजूंना वाटला जातो.

प्रश्न: डिग्री कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चौथ्या क्रमांकावर खेळतो. एंड-लोडेड बॅट घ्यावी का? आणि वरच्या पातळीवर सगळे लाकडाने खेळतात, तर धातूवर पैसे घालावेत का?
— एक खेळाडू, विलेपार्ले

उत्तर: दुसऱ्याचं आधी. व्यावसायिक बेसबॉल लाकडावरच चालतं. ऑलिंपिकमध्ये १९९६ पर्यंत धातूच्या बॅटी होत्या, २००० च्या सिडनीपासून लाकूड आलं. अमेरिकी कॉलेजांनी १९७४ मध्ये ॲल्युमिनियमला परवानगी दिली ती मुख्यतः खर्चासाठी, कारण लाकडी बॅटी मोडतात. तोच हिशेब आपल्याला लागू आहे, किंबहुना जास्तच, कारण चांगली लाकडी बॅट इथे सहज मिळत नाही. जपानच्या हायस्कूलमध्येही १९७४ पासून धातू आहे; २०२४ पासून तिथे बॅरल ६७ वरून ६४ मिलिमीटरवर आणलं आणि भिंत जाड केली, फटक्याचा वेग कमी व्हावा म्हणून. तेव्हा धातू घ्या, मात्र शिक्क्याची. तिच्यावर लागलेली सवय लाकूड हातात आल्यावर मोडावी लागत नाही. स्पर्धेत काय चालतं ते त्या स्पर्धेच्या परिपत्रकात बघा. जिल्हा क्रीडा कार्यालय, विद्यापीठ आणि संघटना यांचं एकच असेल असं धरून चालू नका.

एंड-लोडेडमध्ये वजन टोकाकडे सरकवलेलं असतं. दोन ३३/३० बॅटी एका बोटावर तोलून बघा: जिचा तोल नॉबपासून लांब, ती फिरवायला जड, काट्यावर वजन सारखं असलं तरी. चेंडूला वेळेवर पोचलात तर ती जास्त दूर मारते. उशीर होत असेल तर काहीच मारत नाही. सराव सामन्यांत तुमचे फाऊल (रेषेबाहेर गेलेले फटके) कुठे जातात ते आठवा. उजव्या हाताने खेळत असाल आणि बहुतेक फाऊल पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील, तर तुम्हाला उशीर होतोय. समतोल बॅटच घ्या.

प्रश्न: ऑनलाइन हजाराच्या आत ‘हेवी ड्यूटी बेसबॉल बॅट’ मिळते. सरावाला चालेल का? — अंधेरी

उत्तर: नाही. त्या गाडीत ठेवायला विकल्या जातात. इंच-औंस लिहिलेले नसतात, शिक्का नसतो, वेल्डिंग कसं आहे कळत नाही. हँडल सुटून कोणाला तरी लागेल.

प्रश्न: पावसाळ्यात ग्रिप बुळबुळीत होते आणि बॅरलवर पांढरे ठिपके आलेत. — मुलुंड

उत्तर: रंग उडालेल्या जागी ॲल्युमिनियम घाम आणि दमट हवेने गंजतं, ते पांढरे ठिपके. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा, घासकाथ्या लावू नका. बॅट ओल्या मोज्यांबरोबर बॅगेत बंद ठेवू नका.

ग्रिप हंगामाला एकदा बदला. जुनी वरच्या टेपपासून सोलून काढा, चिकटा स्पिरिटने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. बेसबॉलची ग्रिप साधारण अर्धा, १.१ आणि १.८ मिलिमीटर जाडीत येते. झिणझिण्या येत असतील तर जाड, बोटं आखूड असतील तर पातळ. ती मिळाली नाही तर जुन्या ग्रिपवर टेनिसची ओव्हरग्रिप गुंडाळा, कोणत्याही खेळाच्या दुकानात मिळते. नॉबपासून सुरुवात करा, ताण एकसारखा ठेवा, प्रत्येक वेढा आधीच्यावर दोन-तीन मिलिमीटर चढू द्या आणि नॉबपासून १८ इंचांच्या आत संपवा. त्यापुढे ग्रिप गेली तर नियमात बसत नाही. क्रिकेटची रबरी नळीची ग्रिप मात्र चढवू नका, हँडल जाड होतं आणि मनगट फिरत नाही.