जॉबचे आणि पर्सनल गोल्स एकत्र कसे सेट करायचे? दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत सगळं बारगळतं

तुम्ही लिहिलंय की डायरीत एका पानावर जॉबचे गोल्स आणि दुसऱ्या पानावर घरचे. मला वाटतं घोळ त्या दोन पानांतच आहे. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे, शिफ्टची नोकरी, आणि कोर्स करणं, कमाटीबागेत चालायला जाणं, पोरीचा अभ्यास घेणं हे सगळं शेवटी त्याच दोन-अडीच मोकळ्या तासांवर येऊन आदळतं. त्यामुळे आधी तास मोजा, मग एकाच कागदावर सगळं लिहा, आणि जे बसत नाही ते सरळ पुढच्या वर्षावर टाका.

ते स्मार्ट गोल्सचं प्रकरण (गोल नेमकं, मोजता येणारं, कुणी करायचं ते ठरलेलं, जमण्यासारखं आणि मुदत असलेलं हवं) मॅनेजमेंटवाले जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडलं, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही गोष्टी बसतीलच असं नाही हे त्यांनीच लिहिलं होतं, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे कोण सांगतंय! लॉक आणि लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासातली गोष्ट मला जास्त कामाची वाटते. नुसतं 'होईल तेवढं करू' म्हणण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड टार्गेट ठेवलं की काम चांगलं होतं, पण काम नवीन आणि किचकट असेल तर आकड्याच्या मागे लागून उलट नुकसान होतं, तिथे शिकण्याचं टार्गेट ठेवायचं. म्हणजे सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) नवीन आलेल्या पोराने 'रिजेक्शन निम्मं करीन' असं लिहू नये, 'टूल ऑफसेट (टूलच्या मापाची सेटिंग) कधी आणि का बदलतात ते ह्या महिन्यात पक्कं करीन' असं लिहावं.

आणि वेळ-जागा ठरवा. गोलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं की 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवलं तर काम व्हायची शक्यता वाढते. 'रोज वाचीन' नाही, 'जेवण झालं, ताट उचललं की मोबाईल चार्जिंगला लावून पुस्तक घेईन'.

एकदम सगळं सुरू करू नका हो. आपल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर द्यायचं होतं, तरी १८९३ ला सुरुवात फक्त अमरेलीकडच्या काही गावांत केली, आणि अख्ख्या राज्यात ते लागू झालं १९०६ ला. राजाला तेरा वर्षं लागली आणि आपण १ जानेवारीला जिम, इंग्लिश, एसआयपी सगळं एकाच दिवशी काढतो.

नवरात्राचे नऊ दिवस मात्र कागदावर आधीच सुट्टी लिहून ठेवा, रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून पहाटे पाचला चालायला जाणारा माणूस मी तरी बडोद्यात बघितलेला नाही.

तुमच्या यादीतलं 'ह्या वर्षी टीम लीडर' हे आधी खोडा, ते तुमच्या साहेबांच्या हातात आहे. त्याऐवजी साहेबांनाच विचारा, त्या पोस्टवरच्या माणसाला काय काय यावं लागतं, आणि त्यातली जी एक गोष्ट तुम्हाला येत नाही ती लिहा.