घरच्या कॉम्प्युटरवर भूकंप खरंच टिपता येतो का?

हो, येतो. अमेरिकेत २००८ च्या सुमारास सुरू झालेलं 'क्वेक-कॅचर नेटवर्क' याच कल्पनेवर उभं राहिलं. लॅपटॉप हातातून निसटला तर हार्ड डिस्क वाचावी म्हणून काही मॉडेलांत हालचाल ओळखणारी चिप असायची; तीच वापरली. डेस्कटॉपवाल्यांना छोटा यूएसबी सेन्सर मिळायचा. तो जमिनीला घट्ट चिकटवायचा आणि उत्तर दिशेला नीट लावायचा.

पण दार आपटलं, पोरं धावली तरी सेन्सर हलणारच. एकट्या सेन्सरला फरक कळत नाही. आसपासच्या अनेक घरांतून जवळपास एकाच वेळी खबर आली, तरच नेटवर्कचा सर्व्हर (इंटरनेटवरून सगळ्यांच्या खबरी गोळा करणारा मुख्य कॉम्प्युटर) तो भूकंप धरायचा. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते: शेजारी असल्याशिवाय तुमच्या सेन्सरला किंमत नाही!

सप्टेंबर २०१० मध्ये न्यूझीलंडमध्ये ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा क्राइस्टचर्च परिसरातल्या लोकांनी घरात असे सेन्सर बसवून घेतले आणि नंतरचे धक्के टिपले.

अशा चिपला मात्र जवळचे, जोराचे धक्केच कळतात. दूरचे, बारीक धक्के हवे असतील तर जिओफोन (जमिनीची बारीक कंपनं टिपणारा सेन्सर) असलेलं 'रास्पबेरी शेक' हे छोटं घरगुती भूकंपमापक यंत्र घ्या.