सरासरी पेशी कुणी पाहिलीय?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. मॉडेल वेस्टर्न ब्लॉटच्या (पेशींतलं प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यांवर छान बसतंय, पण किरणं दिल्यावर कोणती पेशी मरेल आणि कोणती सावरेल हे त्यातून निघत नाही. मग गणित कच्चं की जीवशास्त्र, असं विचारतेस. दोन्ही ठीक आहेत. तू सरासरी पेशीचं मॉडेल केलंस, आणि सरासरी पेशी ना पाषाणच्या प्रयोगशाळेत आहे ना गणेशखिंडीतल्या. कुठल्याच इन्क्युबेटरमध्ये ती वाढत नाही.

वेस्टर्नसाठी लाखो पेशी एकत्र फोडतात. त्यात पी-५३ ची, म्हणजे डीएनए तुटला की पेशीत वाढणाऱ्या प्रथिनाची, आंदोलनं हळूहळू विरताना दिसतात. २००४ मध्ये गालित लाहव या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी एकेकट्या पाहिल्या, तेव्हा स्पंदनं विरत नव्हती. किरणांची मात्रा वाढवली तरी स्पंदनाची सरासरी उंची-रुंदी तीच राहिली, स्पंदनांची संख्या मात्र वाढली. एका स्पंदनाला साधारण साडेपाच तास लागतात, पण प्रत्येक पेशीत थोडे कमी-जास्त. ढोलपथकातला प्रत्येक जण ठेका धरून वाजवतोय, पण एकमेकांशी जुळलेला नाही, मग लकडी पुलावरून नुसती घरघर ऐकू येते, तसं. ते विरणं जुळवायला तू ऱ्हासाचे दर फिरवत बसलीस. जे एकाही पेशीत घडत नाही, त्याला पॅरामीटर बसवलेस.

आता समीकरणं. पी-५३ आणि एमडीएम-२ (पी-५३ मुळे बनणारं आणि त्यालाच नष्ट करवणारं प्रथिन) अशी दोनच, मध्ये विलंब नाही. अशी जोडी कायम झुलूच शकत नाही. बेंडिक्सनची कसोटी, म्हणजे बंद चक्र (कायमचं आंदोलन) शक्य नाही हे दाखवणारी, दोन ओळींत होते: प्रत्येक समीकरणाचं स्वतःच्या चलासापेक्ष विकलन ऋण, म्हणून बेरीज ऋण, म्हणून बंद चक्र नाही. यावर उपाय म्हणून तू हिलचा घातांक (प्रतिसाद किती एकदम उसळतो ते ठरवणारा) ९ केलास. अगं, पी-५३ चार-चारच्या गटाने डीएनएला चिकटतो. ४ पर्यंत बोलता येईल, ९ कशाच्या जोरावर? त्याऐवजी मध्ये एमडीएम-२ च्या एमआरएनएची (प्रथिनाआधी जनुकावरून बनणाऱ्या प्रतीची) पायरी घाल, किंवा सरळ विलंब घे. विलंब घेतलास तर शून्य वेळेच्या आधीचा इतिहास द्यावा लागतो. तिथे शून्य भरू नकोस, किरणं न दिलेल्या पेशीची स्थिर पातळी भर. आणि एककं तपास: अर्धायुष्य २० मिनिटं म्हणजे दर ०.६९३ भागिले २०, मिनिटाला ०.०३५, तासाला २.१. तुझ्या फाइलमध्ये मिनिटं आणि तास एकत्र नांदतायत.

पुढे गोंगाट, म्हणजे यादृच्छिक चढउतार. रेणूंच्या घडामोडी एकेक करून यादृच्छिक चालवणारी गिलेस्पीची पद्धत लावून पाहिलंस, वक्र जवळजवळ एकावर एक आले. येणारच. प्रथिनाचे १०,००० रेणू असतील तर वर्गमूळ १००, म्हणजे फरक एक टक्का. प्रत्यक्षात स्पंदनांची उंची सुमारे ७० टक्क्यांनी हलते, कालावधी जेमतेम २० टक्क्यांनी. म्हणजे गोंगाट निर्मितीच्या दरात आहे आणि सावकाश बदलणारा आहे. प्रत्येक पेशीला तिचा स्वतःचा निर्मिती-दर लॉग-नॉर्मल वितरणातून काढून दे आणि तो बराच काळ टिकू दे. जखमाही सारख्या नसतात: एका ग्रेला (किरणमात्रेचं एकक) साधारण ३५ दुहेरी तुटी (डीएनएचे दोन्ही धागे तुटणं), त्यात पॉइसनचा, म्हणजे निव्वळ योगायोगाचा, सहाएकचा फरक. दोन बहिणी-पेशीसुद्धा वेगळ्या आकड्यावरून सुरू होतात.

आणि तुझा मूळ प्रश्न, मरण. '३० टक्के अपोप्टोसिस' (पेशीचं स्वतःहून मरणं) याचा अर्थ प्रत्येक पेशी ३० टक्के मेली असा नाही! कॅस्पेज, म्हणजे पेशी मारणारे एन्झाइम, एकदा पेटले की स्वतःलाच हवा देतात, अधलीमधली अवस्था टिकत नाही. आता उंबरठा कुठे ठेवायचा? तू पी-५३ ची एक ठरावीक पातळी धरलीस. २०१६ मध्ये सिस्प्लाटिन या कर्करोगाच्या औषधावरच्या कामात दिसलं की मेलेल्या आणि वाचलेल्या पेशींत पी-५३ ची पातळी सारखीच चढू शकते; मरणाऱ्यांत ती लवकर चढते, कारण उंबरठाच वेळेबरोबर वर सरकतो. त्याआधी २०१२ मध्ये नटलिन (एमडीएम-२ ला पी-५३ पासून अडवणारं औषध) देऊन स्पंदनांच्या जागी पातळी वरच टिकवून ठेवली, तर एकूण पी-५३ तेवढाच असूनही पेशी विभाजन कायमचं थांबवून म्हाताऱ्या झाल्या. हे सरासरी वक्रातून कसं काढणार होतीस? सांग ना.

तुझे सर वेस्टर्नवरच बसव म्हणतात, कारण पेपर लवकर होतो. होतो, खरंय. मी तसं केलं नाही, म्हणून माझी प्रकाशनांची यादी आखूड आहे. त्याची हळहळ वाटते, पण पुन्हा संधी मिळाली तरी एकेक पेशीच मोजेन. लोक हट्ट म्हणतात, म्हणोत.

सूक्ष्मदर्शकवाल्यांकडून कच्च्या ट्रॅक-फाइल (एकेका पेशीतल्या पी-५३ च्या चमकेच्या वेळेनुसार नोंदी) माग. दर २० मिनिटांनी एक चित्र असेल तर एका स्पंदनाला सोळाएक बिंदू मिळतात, पुरे आहेत. दोन-दोन तासांचं असेल तर नको. पार्श्वभूमीची चमक आधी वजा कर. विभाजनाच्या वेळी एकूण चमक निम्मी होते, तिला स्पंदनाचा उतार समजू नकोस. पन्नास पेशींचे वेगवेगळे वक्र काढ, मेलेल्या लाल, वाचलेल्या काळ्या, आणि ते कागद घेऊन ये. एमआरएनएची पायरी आपण मिळून घालू.