कावळे मेलेत, परसातल्या कोंबड्यांचं काय करायचं?

प्रश्न : गावाजवळ कावळे मरून पडलेत. घरी पंधरा गावरान कोंबड्या आणि दोन बदकं आहेत, दिवसभर मोकळी फिरतात. शेजारी म्हणतात, विकून मोकळ्या व्हा, नाहीतर सरकारी माणसं येऊन मारतील. लस मिळेल का? हळद-लसूण पाजून भागेल का?

उत्तर : ताई, विकण्याचा विचार आधी डोक्यातून काढा. कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी तिच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू शिरलेला असू शकतो. आठवडी बाजारात चार गावच्या कोंबड्या एका डालग्यात आल्या की रोग चारही गावांत पोचतो. सध्या बाजारातून नवी तलंगही (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणू नका.

कावळ्यांत रोग सापडला म्हणून कोणी तुमच्या कोंबड्या मारायला येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं कळवलं, तेव्हा भोवतालच्या १० किलोमीटरमध्ये देखरेख सुरू झाली. कोंबड्यांतच रोग निघाला तर मात्र साधारण १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करावे लागतात. त्याच महिन्यात उरण तालुक्यातल्या चिरनेरला ती वेळ आली, आणि तिथे परसातल्या कोंबड्याही होत्या.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. मरतूक लपवली तर कोंबड्याही जातात आणि पैसेही. शिवाय २००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्याने रोगाचा संशय आल्यास कळवणं मालकाला बंधनकारक आहे.

खरं काम आहे कोंबड्या कोंडून ठेवण्याचं. गावरान कोंबडीला ते रुचत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण विषाणू येतो तो पाखरांच्या विष्ठेतून, आणि उकिरड्यावर कावळा अन् कोंबडी एकाच जागी टोचतात. गोठ्याचा एक कोपरा बारीक जाळीने बंद करा, चिमणीही आत शिरायला नको. वर नुसती जाळी चालणार नाही, विष्ठा त्यातून खाली पडते. पत्रा किंवा ताडपत्री हवीच. खाली भुसा किंवा भाताचं तूस पसरा. एका घमेल्यात राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात त्या लोळतात, उवा कमी होतात. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात, म्हणून शेवग्याची किंवा मेथीची जुडी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा, दिवसभर त्यातच गुंततात. भरडा आणि पाणी आतच द्या. पाणी नळाचं किंवा बोअरचं, तळ्याचं नको.

बदकं वेगळी ठेवा. त्यांच्यात लक्षणं न दिसताही विषाणू असू शकतो.

खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा आणि ती दाराबाहेर नेऊ नका. थंडीत हे फार महत्त्वाचं. ४ अंश तापमानाला विष्ठेतला विषाणू महिनाभराहून अधिक तग धरतो, ३७ अंशांना सहा दिवस. एक लिटर पाण्यात ७ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून खुराडं आणि भोवतालची जागा फवारा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा. आधी शेण-विष्ठा खरडून काढा, घाणीवर फवारून उपयोग नाही.

हळद-लसणाने हा रोग थांबत नाही. एच५एन१ ची, म्हणजे या बर्ड फ्लूची, लस आपल्याकडे कोंबड्यांना दिली जात नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र दवाखान्यातून टोचून घ्या, पण कोंबड्या निरोगी असतानाच. मानमोडीतही माना वाकड्या होतात, पटापट मर होते, आणि नुसत्या नजरेने दोन्ही रोगांतला फरक माझ्यासारख्या पशुवैद्यालाही सांगता येत नाही. नमुना तपासावाच लागतो. तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळसर पडले, डोकं सुजलं, पायांवर लाल ठिपके आले, अंडी एकदम बंद झाली किंवा पातळ कवचाची आली, किंवा लक्षण न दिसता दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी मेल्या, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ वर फोन करा. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नका, पुरायचीही घाई नको, आम्हाला नमुना घेऊ द्या. तोवर कुत्रा-मांजर तिथे फिरकणार नाही असं झाकून ठेवा. मेलेल्या कावळ्यालाही हात लावू नका, मुलांना तर जवळही जाऊ देऊ नका.

अंडी आणि कोंबडीचं मटण खायला हरकत नाही, पूर्ण शिजलेलं हवं. सगळीकडून ७० अंशांवर शिजलं की विषाणू मरतो. धोका असतो तो आजारी कोंबडी कापताना आणि पिसं काढताना, आणि हे काम घरात बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं. म्हणून स्पष्ट सांगतो: मरायला टेकलेली कोंबडी 'वाया जायला नको' म्हणून कापू नका. खुराडं साफ करताना तोंडाला फडकं बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा. आठ-दहा दिवसांत ताप-खोकला आला तर सरकारी दवाखान्यात जा आणि कोंबड्या हाताळल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. औषध लवकर सुरू झालं तरच नीट लागू पडतं.