इस्रायलमध्ये धार्मिक आणि सेक्युलर मतदारांचं एवढं का फाटलंय?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे वाक्य टाकलंय ना, "शेवटी सगळे ज्यूच आहेत, मग भांडण कसलं?", त्यामुळे लिहायला बसलो. नाहीतर सरकार टिकणार की पडणार यावर मत देणारे इथे पुष्कळ आहेत. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. लहानपण ठाण्यात गेलं, पुढचं आयुष्य इस्रायलच्या दक्षिणेत. आपण ज्यू आहोत हे आमच्या माणसांना या देशात धरणं धरून मान्य करून घ्यावं लागलं.

1962 साली मुख्य रब्बिनेटने, म्हणजे इथल्या ज्यूंच्या सरकारी धर्मपीठाने, नियम काढला. बेने इस्रायल माणसाला बाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर त्याची आई, आजी, पणजी, जिथवर मागे जाता येईल तिथवर चौकशी करायची. आणि हे कोणाला? कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ज्यांना 'शनिवार तेली' म्हटलं, त्यांना. 1964 च्या उन्हाळ्यात आमचे लोक बायकापोरांसह जेरुसलेमला जाऊन बसले. ऑगस्टमध्ये सुट्टीतल्या क्नेसेटला, म्हणजे संसदेला, बोलावून, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असं जाहीर करावं लागलं. नियमातून आमचं नाव गेलं आणि त्या जागी 'ज्यांच्याबद्दल शंका असेल ते' असं आलं. शंका कोणाला यायची, हे मात्र नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या माणसावरच राहिलं.

कारण इथे ज्यू जोडप्याचं लग्न सरकारी कचेरीत लागतच नाही. धार्मिक लग्न, तेही ऑर्थोडॉक्स रब्बीकडून, एवढी एकच वाट. मुसलमान, ख्रिस्ती यांचीही आपापली धर्मपीठं. देशाबाहेर लग्न केलंत तर सरकार ते नोंदवतं, म्हणून जोडपी उठून सायप्रसला जातात.

माझी मुलगीही गेली. नवरामुलगा रोमानियातून आलेल्या घराण्यातला. त्याचे कागद पटकन झाले. आमच्या मुलीच्या वेळी टेबलावरच्या गृहस्थाने चष्मा वर केला आणि आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, मागितला. तो दिला. मग आजीच्या आईचा मागितला. तो रेवदंड्याच्या घरात पेटीतच वाळवीने खाल्लेला. मुंबईच्या सिनेगॉगचं पत्र आणलं, तर म्हणाला, बघू. मुलगी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिली. या मुलीने दोन वर्षं लष्करात काढली होती, आणि तेव्हा हिची पणजी कोण हे कोणी विचारलं नव्हतं.

आता माझ्या मेहुण्याबद्दल सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातच आहे. माझ्याहून लहान, माणूस सोन्यासारखा, पक्का शासवाला. शास म्हणजे 1984 साली रब्बी ओवादिया योसेफ यांच्या आशीर्वादाने निघालेला सेफार्दी-मिझराही, म्हणजे स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरब देशांकडच्या ज्यूंचा, धार्मिक पक्ष. पहिल्याच निवडणुकीत 4 जागा, 1999 मध्ये 17. मेहुण्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या पोरांना पूर्ण दिवसाची शाळा आणि दुपारचं गरम जेवण मिळालं ते त्यांच्या शाळेत. तेव्हापासून डोक्यावर किप्पा (ज्यू टोपी) आणि शनिवारी गाडी बंद. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण मुलीचे कागद अडले त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "भाऊजी, एका माणसाशी ओळख आहे माझी. एका फोनचं काम आहे."

मी चिडलो. त्याला म्हटलं, अरे, शंका घेतली गेली ती तुझ्या आजीवर. माझ्या बायकोची आजी ती तुझीच आजी ना? उद्या तुझ्या मुलाला विचारलं तर पुन्हा फोन करणार? तो म्हणाला, नियम आहे, नियमामागे कारण आहे, तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत रब्बींवर राग काढता. 'तुम्ही लोक' म्हणजे सेक्युलर. मी! आमच्या घरी शुक्रवारी दिवे लागतात, शुभकार्याला एलियाहू हानाबीचा मलिदा होतो, योम किप्पुरच्या उपासाला मी पाणीसुद्धा घेत नाही. फक्त शनिवारी सकाळी प्रार्थना झाली की गाडी काढून समुद्रावर जातो. अशांना इथे मसोर्ती म्हणतात आणि असे लोक लाखोंनी आहेत. तुमच्या प्रश्नातले दोन गट मोजताना हा तिसरा गळतो. नेतान्याहूंचा लिकुड पक्ष वर्षानुवर्षं निवडून येतो तो बराचसा याच मतांवर.

फोन मी करू दिला नाही. मुलीने लार्नाकाच्या नगरपालिकेत लग्न केलं. मेंदीला मेहुणा आला, पापलेटचं कालवण दोनदा घेतलं, सायप्रसला आला नाही.

छोटे पक्ष सरकार कसं वाकवतात, हेही तुम्ही विचारलंय. क्नेसेटच्या 120 जागा, अख्खा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला. 3.25 टक्के मिळाले की आत. 61 चा आकडा आजवर निवडणुकीत एकट्या पक्षाला कधीच गाठता आलेला नाही. 2022 मध्ये लिकुडला 32 मिळाल्या, बाकी मित्रपक्ष असले तरी शासच्या 11 आणि अश्केनाझी (युरोपाकडच्या) हरेदींच्या, म्हणजे कडव्या धार्मिकांच्या, यादीच्या 7 धरल्याशिवाय 64 होत नव्हत्या. डाव्या सेक्युलरांचा मेरेट्झ त्याच वेळी थोडक्यात 3.25 च्या खाली राहिला आणि ती सगळी मतं पाण्यात गेली. 1976 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेहून एफ-15 विमानं शुक्रवारी दुपारी उतरली. स्वागताचा समारंभ शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाला, चिकटला म्हणून अविश्वास ठराव आला, सरकारातल्याच राष्ट्रीय धार्मिक पक्षाने साथ दिली नाही, आणि प्रकरण पंतप्रधान राबिन यांच्या राजीनाम्यापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी लिकुडचे बेगिन निवडून आले.

उलट बाजूने नुसत्या रागावर पक्ष उभा राहतो, पण टिकत नाही. टॉमी लापिड यांच्या शिनुई या सेक्युलर पक्षाने 2003 मध्ये 15 जागा घेतल्या, 2006 मध्ये एकही नाही.

खरी जखम लष्कराची. 1948 मध्ये पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी येशिवातल्या, म्हणजे धर्मग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळांतल्या, सुमारे 400 विद्यार्थ्यांना सक्तीच्या भरतीतून सूट दिली. पुढे तो आकडा हजारोंच्या घरात गेला. 2019 मध्ये एका सेक्युलर पक्षाचे नेते लिबरमन याच मुद्द्यावर अडून बसले, सरकार बनलं नाही आणि देश निवडणुकांच्या फेऱ्यात अडकला. 2024 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, कायदा नाही तर सूट नाही. 2025 च्या जुलैमध्ये दोन्ही हरेदी पक्ष याच कारणावरून सरकारातून बाहेर पडले. ऑक्टोबर 2023 नंतर माझा मुलगा राखीव दलात इतका वेळ होता, की त्याचं धाकटं मूल त्याच्याकडे जायला रडायचं. अशा घरात "तोरा शिकणं हीसुद्धा देशाची राखण आहे" हे वाक्य जेवताना कोणी बोलू नये. आमच्याकडे बोललं गेलं. कोणी बोललं ते सांगत नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं. शासचे बरेच मतदार हरेदी नाहीत, त्यांची मुलं लष्करात जातात, मेहुणा स्वतः गेलेला आहे. आणि सेक्युलर मंडळी आमची तारणहार होती असंही समजू नका. 1951-52 मध्ये बेने इस्रायल लोक तेल अवीवमध्ये "आम्हाला भारतात परत पाठवा" म्हणून धरण्याला बसले, तेव्हा राज्य बेन-गुरियन यांच्या मपाई पक्षाचं होतं. मोरोक्कोवाल्यांना आणि आम्हाला वाळवंटातल्या वसाहतींत नेऊन टाकणारेही तेच. शब्बाथ, लग्न अशा बाबतींत धार्मिकांचं ऐकण्याचा शब्दही 1947 च्या पत्रात बेन-गुरियन यांनीच दिला. त्या लोकांबद्दल मेहुण्याला जो राग आहे, तो मलाही आहे. शासने त्याला मान दिला, हे मी नाकारत नाही. पण 1962 च्या त्या नियमाच्या वेळी प्रमुख रब्बी असलेले यित्झाक निस्सीम सेफार्दीच होते, बगदादचे. 'आपला माणूस' खुर्चीत बसला की आपलं भलं होतं, हे मेहुण्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही.

कोणाला मत द्यावं, विचारलंत. तुम्ही ठाण्याहून इकडे यायचा विचार करताय, तर आधी आई, आजी, पणजी सगळ्यांच्या केतुब्यांच्या प्रती सिनेगॉगच्या शिक्क्यासकट काढून ठेवा, मताचं नंतर बघू. यादी कुठलीही निवडा, पण लग्न नगरपालिकेत लावता येईल का, हे त्यांना विचारा. मेहुण्यालाही मी दर निवडणुकीला हेच सांगतो, शासला दे मत, फक्त एवढं त्यांच्याकडून लिहून घे. तो म्हणतो, "भाऊजी, ते कधीच लिहून देणार नाहीत." मग मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?