स्टेशन-भेटींच्या विक्रमाचा पुरावा : पाटीसोबतचा फोटो पुरतो का?

तुमचा बेत असा आहे की २४ तासांत मिरज-लोंढा मार्गावरील आणि त्यापुढील जास्तीत जास्त रेल्वे स्टेशनांना भेट द्यायची आणि त्याची विक्रम म्हणून नोंद करून घ्यायची. प्रत्येक स्टेशनवर पाटीसोबत फोटो काढला तर तेवढा पुरावा पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. तो पुरणार नाही. पाटीजवळचा फोटो तुम्ही त्या जागी कधीतरी होता एवढेच सांगतो. कोणत्या गाडीने आलात, किती वाजता आलात आणि पुढे कसे गेलात, हे त्यातून कळत नाही, आणि तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

सर्वांत आधी ‘भेट’ कशाला म्हणायचे, हे लेखी ठरवून घ्या. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सकडे अर्ज करणार असाल तर तो प्रयत्नाच्या आधी करावा लागतो. अर्ज मान्य झाला की त्या विशिष्ट विक्रमाची नियमावली मिळते आणि तीच अंतिम असते. निरनिराळ्या विक्रमांत ही व्याख्या बदलते. लंडनच्या भुयारी रेल्वेची सर्व स्टेशने कमीत कमी वेळात गाठण्याच्या विक्रमात प्रत्येक मार्गाने प्रवास करावा लागत नाही, परंतु प्रत्येक स्टेशनात गाडीने येणे किंवा तेथून गाडीने निघणे आवश्यक असते, आणि दोन स्टेशनांमधले अंतर पायी किंवा सार्वजनिक वाहनाने कापता येते. आपल्याकडे देसूरहून बेळगावला वडापने, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपने, गेलात तर वडाप सार्वजनिक वाहन धरले जाईल का? क्रॉसिंगसाठी किंवा सिग्नल नसल्यामुळे गाडी वेळापत्रकात नसलेल्या स्टेशनावर थांबली, तर ती भेट मोजायची का? प्लॅटफॉर्मवर पाय टेकवावा लागतो की गाडी थांबली की भागते? हे प्रश्न आधी पाठवून उत्तर लेखी मिळवा. प्रयत्न झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर विरोधात गेले तर संपूर्ण दिवस वाया जातो.

नोंदवही हा पुराव्याचा कणा आहे. पक्क्या बांधणीची, पानांना क्रमांक घातलेली वही घ्या आणि बॉलपेनने लिहा, कारण पावसाळ्यात खानापूरच्या पुढे जेल पेनची शाई टिकत नाही. प्रत्येक ओळीत स्टेशनचे नाव पाटीवर असेल तसे, त्याचा कोड, गाडी क्रमांक, गाडी येण्याची आणि सुटण्याची प्रत्यक्ष वेळ, फोटोंचे क्रमांक आणि साक्षीदाराची सही असावी. नावाबद्दल आग्रह एवढ्यासाठी की १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे. आपण बोलताना बेळगावच म्हणतो आणि मीही येथे तसेच लिहीत आहे, परंतु नोंदवहीत एक नाव, फोटोत दुसरे आणि तिकिटावर तिसरे दिसले तर आपला प्रदेश न पाहिलेला तपासनीस गोंधळतो. कोड मात्र बीजीएम हाच राहिला आहे, म्हणून कोड लिहिण्याचा आळस करू नका.

माझा पहिला प्रयत्न वेळेच्या घोळामुळे फसला, आणि ते आजही मनाला लागते. कॅमेऱ्यातील घड्याळ ११ मिनिटे मागे होते आणि नोंदवहीतील वेळा मी मोबाईलवर पाहून लिहिल्या होत्या. कागदपत्रे लावायला बसलो तेव्हा दिसले की कॅमेऱ्याच्या हिशेबाने मी घटप्रभेच्या पाटीशी उभा आहे आणि नोंदवहीच्या हिशेबाने माझी गाडी अजून घटप्रभेला पोहोचलेलीच नाही. दोन्ही खरे होते, पण अनोळखी माणसाने त्यावर विश्वास का ठेवावा? तेव्हापासून निघताना मी कॅमेऱ्याने मोबाईलच्या घड्याळाचा, सेकंदांसह, एक फोटो काढतो आणि प्रवास संपल्यावर पुन्हा एक. फरक असला तरी तो किती होता हे त्यातून सिद्ध करता येते.

फोटो काढताना एक व्यावहारिक अडचण येते. मोठी पिवळी पाटी प्लॅटफॉर्मच्या टोकांना असते आणि लहान स्टेशनावर गाडी एक-दोन मिनिटेच थांबते. मधल्या डब्यातून उतरून टोकापर्यंत धावत जाऊन परत येणे शक्य नसते आणि तसा प्रयत्न करूही नये. त्यापेक्षा प्लॅटफॉर्मवरील खांबांवर, शेडखाली किंवा कार्यालयाच्या दारावर स्टेशनचे नाव कोठे लिहिले आहे ते आधी एकदा जाऊन पाहून ठेवा. मी सुळेभावी, पाच्छापूर, चिंचली अशा स्टेशनांसाठी वहीच्या मागच्या पानावर लहान आराखडे काढले होते. एका सलग चित्रफितीत डब्याचा क्रमांक, स्टेशनचे नाव आणि तुमचा चेहरा आला की तो दहा फोटोंपेक्षा भारी पुरावा ठरतो. रूळ ओलांडून पाटीकडे कधीही जाऊ नका. ते जीवावर बेतू शकते, शिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार तो गुन्हा आहे आणि तुमची चित्रफीत त्याचाच पुरावा होईल.

तिकिटांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मिरज ते लोंढा हे अंतर २०० किलोमीटरच्या आत आहे आणि प्रवास मध्येच थांबवून त्याच तिकिटावर पुढे जाण्याची सवलत ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटालाच असते. म्हणून रायबागला उतरून मागच्या गाडीने पुढे जाणार असाल तर तेथून नवे तिकीट काढावे लागेल, आणि त्यासाठी खिडकीवर जाणारा वेळ वेळापत्रकात धरावा लागेल. विनातिकीट टप्पा असलेला विक्रम कोणी मान्य करणार नाही. तिकीट हातात पडताच त्याचा फोटो काढा, कारण प्रवास संपल्यावर टीसी ते मागून घेऊ शकतो.

साक्षीदारांविषयी मी सर्वांत जास्त कळकळीने सांगेन. पहिल्या वेळी माझ्यासोबत मावसभाऊ होता. त्याने प्रामाणिकपणे सर्व नोंदी तपासल्या, पण नातेवाइकाची साक्ष स्वतंत्र धरली जात नाही. तुमच्याशी नाते किंवा व्यवहार नसलेली माणसे शोधा. शाळेतील शिक्षक, वकील, ग्रंथपाल. एकच माणूस २४ तास जागा राहून नीट पाहू शकत नाही, म्हणून बेळगावला आणि मिरजेला साक्षीदार बदलण्याची व्यवस्था करा, आणि प्रत्येकाच्या निवेदनात त्याने कोणत्या स्टेशनपासून कोणत्या स्टेशनपर्यंत स्वतः पाहिले एवढेच येऊ द्या. साक्षीदार कन्नड भाषक असेल तर त्याला कन्नडमध्येच लिहू द्या आणि सोबत भाषांतर जोडा. स्वतःला वाचता न येणाऱ्या मजकुराखाली केलेली सही दुबळी असते. ही निवेदने त्याच रात्री लिहून घ्या.

स्टेशन मास्तरांचा शिक्का मिळाला तर उत्तम, परंतु त्यावर भिस्त ठेवू नका. गाडी स्टेशनात असताना ते कामात असतात आणि त्या वेळी वही पुढे करणे योग्य नाही. गाडी निघून गेल्यावर, जेथे तुम्हाला पुढच्या गाडीसाठी थांबायचेच आहे तेथे, नम्रपणे विचारा. नकार मिळाला तर शेऱ्यात तसे लिहा.

मोबाईलमध्ये मार्ग नोंदवणारे ॲप अखंड चालू ठेवा. गुंजी-लोंढा भागात जंगलामुळे नेटवर्क गेले तरी उपग्रहावरून स्थाननोंद होत राहते. बॅटरी मात्र लवकर उतरते, म्हणून दोन पॉवर बँक लागतील. गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळा दाखवणारे अधिकृत पान त्याच दिवशी जतन करा, नंतर ती माहिती मिळत नाही. फोटो कोणालाही व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवून मूळ प्रत पुसू नका, कारण तसे पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि स्थान निघून जाते. घरी पोहोचताच मूळ फाइली, नाव न बदलता आणि काहीही न कापता, दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.

मुख्य प्रयत्नाआधी खानापूर ते घटप्रभा एवढी अर्ध्या दिवसाची तालीम करा. तिचे सर्व कागद रेल्वेची आवड नसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे द्या आणि तुम्ही काही न बोलता त्याला तुमचा प्रवास केवळ कागदांवरून सांगायला सांगा. तो जेथे अडखळेल, त्या स्टेशनचा पुरावा तुम्हाला वाढवायचा आहे.