लंगडणारा बोका हाती लागेना

प्रश्न: मागच्या दारी येणारा बोका चार दिवस पुढचा पाय टेकत नाही. पंजा सुजलाय. दोन पावलं पुढे गेलं की कुंपणावरून पसार! जाड हातमोजे घालून, चादर टाकून धरू का?

उत्तर: नको. त्याच धाडसाच्या चार खुणा माझ्या मनगटावर आहेत, आणि मोजे होते हातात! मांजराचा सुळा सुईसारखा. वरून टिंबाएवढी जखम दिसते, जंतू मात्र खोल जातात. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजच्या लशीचं तेच सांगतील.

बोक्यांच्या मारामारीत चाव्याचं गळू होणं नेहमीचं, तेच असावं. पण आधी पशुवैद्यांना फोन करा. बिथरलेला बोका ते कधी बघतील हे ठरल्यावरच मांजर धरायचा पिंजरा लावा, आत शिरलं की दाराची झडप पडते तो. मी एकदा शनिवारी रात्री मांजर धरलं आणि सोमवार उजाडेपर्यंत दवाखाना उघडायची वाट बघत बसले.

पिंजरा भिंतीकडेला, डुगडुगणार नाही असा. तळाला वर्तमानपत्र घाला. दुखऱ्या पंजाला जाळी टोचली की तो मागे फिरेल. एक-दोन दिवस झडप बांधून उघडी ठेवा, जेवण आतच द्या, वाटी दर वेळी थोडी आत सरकवा. धरायच्या दिवशी आधीचं एकच जेवण चुकवा. आजारी मांजर दिवसेंदिवस उपाशी राहिलं तर यकृतावर येतं. मासळी कोमट करून ठेवा, वास दूरवर जातो.

तुमच्याकडे आणखी मांजरं येत असतील तर आपोआप पडणाऱ्या झडपेत भलतंच गिऱ्हाईक सापडतं. झडपेला काडीचा टेकू द्या, काडीला दोरी बांधा, टोक तुमच्या हातात. शेपूट आत गेल्याशिवाय ओढायचं नाही. मी घाई केली होती. अर्ध्यातून निसटलेली ती भुरी मांजर महिनाभर पिंजऱ्याच्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

झडप पडली की लगेच पिंजऱ्यावर चादर. अंधार झाला की बहुतेक मांजरं धडपड थांबवतात. ‘सोन्या, बाळा’ करत वाकू नका, त्याला ते प्रेम वाटत नाही. कळवळून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजराला ती विष आहे.

आणि पिंजरा उघडायचा तो दवाखान्यातच. ‘जरा पाय बघू’ म्हणून गाडीतसुद्धा नाही.